सर्वकालीन श्रेष्ठ कोण? बास्केटबॉलच्या वादात आकडे कसे वापरावेत

मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, बिल रसेल की विल्ट चेंबरलेन, आणि मग करीम कुठे? एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) चाहत्यांमधल्या या वादांत दोन्ही बाजूंनी दिलेले आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. तरी वाद सुटत नाही, कारण एक जण एका प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा वेगळ्याच. टीव्हीवरच्या चर्चांना रोज नवा मथळा हवा असतो, त्यामुळे तिथे मोजपट्टीही रोज बदलते: आज अजिंक्यपदं मोजायची, उद्या एकूण गुण, परवा शेवटच्या मिनिटातला एखादा शॉट. यावर एकच उपाय आहे. मोजपट्टी आधी ठरवायची आणि प्रत्येक खेळाडूला त्याच्याच काळाशी ताडून पाहायचं. हे काम साध्या स्प्रेडशीटवर होतं.

आधी प्रश्न, मग नावं

कागदाच्या माथ्यावर एकच प्रश्न लिहा. ‘श्रेष्ठ’ या शब्दात निदान चार प्रश्न दडलेले असतात. ऐन भरात असताना आपल्या समकालीनांपेक्षा सर्वांत पुढे कोण होता? संपूर्ण कारकिर्दीची बेरीज कोणाची सर्वांत मोठी? संघाला अजिंक्यपदापर्यंत नेण्यात सर्वांत मोठा वाटा कोणाचा? आणि चौथा, सगळ्यांना आजच्या कोर्टवर उतरवलं तर कोण जिंकेल?

चौथा प्रश्न बाजूला ठेवा. १९६२चा खेळाडू आज जन्मला असता तर त्याला आजचा आहार, आजचे बूट, आजची शस्त्रक्रिया आणि आजचं प्रशिक्षण मिळालं असतं की नाही, हे आधी ठरवावं लागतं. त्या एका गृहीतकावर उत्तर इकडचं तिकडे होतं आणि ते तपासायला हाताशी काहीच नसतं.

पहिल्या प्रश्नासाठी ‘ऐन भर’ म्हणजे किती हंगाम, हे नावं लिहिण्याआधी पक्कं करा. सलग पाच हंगाम हा चांगला मध्यम मार्ग आहे. एकच हंगाम धरला तर योगायोगाला फार जागा मिळते. सात-आठ धरले तर बिल वॉल्टनसारखा खेळाडू बादच होतो. १९७७चं अजिंक्यपद आणि १९७८चा एमव्हीपी (हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) मिळवणाऱ्या वॉल्टनची कारकीर्द पायाच्या दुखापतींनी कापून काढली. दुसऱ्या प्रश्नात मात्र तो मागे पडणं रास्तच आहे. तिथे १,५६० सामने आणि सहा एमव्हीपी असलेला करीम अब्दुल-जब्बार पुढे येणार.

कारकिर्दीची बेरीज करताना सुरुवातीचं वयही लिहून ठेवा. लेब्रॉन २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत आला. जॉर्डन तीन वर्षं कॉलेजात खेळून आला, करीम चार वर्षं. करीमच्या काळी त्याआधी येण्याची वाटच नव्हती. म्हणून एकूण गुणांची तुलना करताना ‘वयाच्या बाविशीनंतर’ असा वेगळा रकाना करा.

कोणता आकडा कधीपासून

इथे सर्वांत जास्त चुका होतात. ‘इतिहासात पहिल्यांदाच’ असं वाचलं की आधी विचारा, इतिहास कधीपासून? ब्लॉक (शॉट हवेत अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) एनबीएत अधिकृतपणे १९७३-७४ पासून मोजले जातात. आक्रमणातले आणि बचावातले रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू) वेगळे लिहिणं त्याच हंगामात सुरू झालं. टर्नओव्हर (चेंडू गमावणं) १९७७-७८ पासून, तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण) १९७९-८० पासून. सामन्यातल्या प्रत्येक घडामोडीची क्रमवार नोंद व्यवस्थित मिळते ती १९९६-९७ पासून.

म्हणजे हकीम ओलाजुवॉनचे ३,८३० ब्लॉक हा मोजलेल्यांमधला विक्रम झाला. बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला आणि विल्ट चेंबरलेन १९७३ मध्ये. त्यांचे ब्लॉक अधिकृत नोंदीत शून्य नाहीत, नोंदच नाही. स्प्रेडशीटमध्ये तिथे शून्य घालू नका, चौकट रिकामी ठेवा. नाहीतर सरासरी काढताना त्यांचं नुकसान होतं आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

पुरस्कारांचंही तेच. फायनल्सचा एमव्हीपी १९६९ पासून दिला जातो. पहिलाच पुरस्कार हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला मिळाला. तोच रसेलचा शेवटचा हंगाम. त्यामुळे अकरा अजिंक्यपदं जिंकलेल्या रसेलच्या नावावर हा पुरस्कार एकदाही नाही, आणि २००९ पासून मात्र पुरस्काराला त्याचंच नाव आहे. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार १९८२-८३ पासून सुरू झाला. ऑल-एनबीए संघ (हंगामातल्या सर्वोत्तम पाच-पाच खेळाडूंच्या याद्या) १९८८-८९ पासून दोनाचे तीन झाले, म्हणजे दरवर्षी पाच जागा वाढल्या. ‘किती वेळा ऑल-एनबीए’ मोजायचं असेल तर फक्त पहिला संघ धरा. तो जवळपास सगळ्या काळांत पाच जणांचाच आहे.

वेग आणि मिनिटं: एक उदाहरण पूर्ण सोडवून

१९६१-६२ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनची सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट (ज्यावरून सहकारी बास्केट करतो असे पास). २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकची ३१.६, १०.७ आणि १०.४. दोन्ही हंगामभराच्या ट्रिपल-डबल सरासरी, म्हणजे तिन्ही आकडे दहा किंवा जास्त. नुसतं वाचलं तर रिबाउंडमध्ये रॉबर्टसन वरचढ वाटतो.

आता पार्श्वभूमी. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी सुमारे १०८ शॉट मारत असे आणि त्यांतले ४२.६ टक्के आत जात. म्हणजे जवळपास ६२ शॉट हुकत. २०१६-१७ मध्ये सुमारे ८५ शॉट, ४५.७ टक्के यश. हुकलेले ४६च्या आसपास. हुकलेला चेंडू हाच रिबाउंडचा कच्चा माल. त्यामुळे संघाचे रिबाउंड तेव्हा सामन्याला सुमारे ७१ होते आणि २०१६-१७ मध्ये ४३.५. शिवाय रॉबर्टसन ४४.३ मिनिटं खेळायचा, वेस्टब्रुक ३४.६.

हिशेब असा करा. खेळाडूच्या मिनिटांना ४८ने भागा. येणाऱ्या संख्येला दोन्ही संघांच्या मिळून रिबाउंडनी गुणा. खेळाडू मैदानावर असताना उपलब्ध असलेले रिबाउंड मिळाले. त्याच्या रिबाउंडना या संख्येने भागलं की त्याचा वाटा कळतो.

रॉबर्टसन: ४४.३ ÷ ४८ × १४२.८ = सुमारे १३२. १२.५ ÷ १३२ = ९.५ टक्के. त्या काळच्या संघाच्या बेरजेत कोणाच्याही नावावर नसलेले रिबाउंडही धरलेले असायचे, म्हणून खरा वाटा थोडा वर असणार. वेस्टब्रुक: ३४.६ ÷ ४८ × ८७ = ६२.७. १०.७ ÷ ६२.७ = १७.१ टक्के.

फरक मोठा आहे, पण इथेच थांबू नका. वेस्टब्रुकचे उंच सहकारी प्रतिस्पर्ध्याला अडवून धरत आणि बचावातला सोपा रिबाउंड त्याच्यासाठी सोडत, म्हणजे चेंडू हातात येताच तो धावत सुटू शके. ती संघाची डावपेची निवड होती. १७ टक्क्यांमध्ये तिचाही भाग आहे, आणि तो या गणितातून वेगळा काढता येत नाही.

असिस्टचं गणित उलट जातं. दोन्ही हंगामांत संघाचे असिस्ट सामन्याला साधारण सारखेच, २३च्या आसपास होते. त्या काळी इतके बास्केट होऊनही असिस्ट तेवढेच, म्हणजे एका बास्केटमागे असिस्ट कमी दिले जात होते. म्हणून ‘जुना काळ वेगवान होता, सगळे आकडे सरसकट कमी करा’ हा शॉर्टकट चुकीचा आहे. प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडायचा.

गुण मोजताना अचूकताही मोजा

विल्टची १९६१-६२ मधली सरासरी ५०.४ गुणांची. तो सामन्याला सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, म्हणजे ओव्हरटाइम धरून जवळपास प्रत्येक मिनिट. त्याच हंगामात, २ मार्च १९६२ रोजी, हर्शी इथे न्यूयॉर्कविरुद्ध १०० गुण. हे आकडे थक्क करणारेच आहेत. ते कमी करायचे नाहीत, समजून घ्यायचे आहेत.

यासाठी ट्रू शूटिंग हे अचूकतेचं माप वापरा: गुण ÷ (२ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो)). फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक. ०.४४ का? प्रत्येक फ्री थ्रोसाठी चेंडूचा अर्धा ताबा खर्ची पडत नाही. बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो आणि टेक्निकल फाउलचे फ्री थ्रो यांना वेगळा ताबा लागत नाही.

विल्ट: ४,०२९ गुण, ३,१५९ शॉट, १,३६३ फ्री थ्रो. उत्तर ५३.६ टक्के, लीगची सरासरी तेव्हा ४७.९. म्हणजे ५.७ने वर. जॉर्डन, १९९०-९१: ६०.५ विरुद्ध ५३.४, ७.१ने वर. लेब्रॉन, २०१२-१३: ६४.० विरुद्ध ५३.५, १०.५ने वर. स्टेफ करी, २०१५-१६, ४०२ तीन-गुणी बास्केट मारलेला हंगाम: ६६.९ विरुद्ध ५४.१, तब्बल १२.८ने वर.

शेजारच्या रकान्यात सामन्यामागचे शॉट लिहा: विल्ट ३९.५, जॉर्डन २२.४, करी २०.२, लेब्रॉन १७.८. शॉट वाढले की अवघड शॉटही घ्यावे लागतात आणि अचूकता घसरते, म्हणून हे दोन रकाने कधीही एकमेकांपासून तोडू नका. चाहते नेमकं हेच करतात. एक बाजू फक्त गुण सांगते, दुसरी फक्त टक्केवारी.

नियम: दोन्ही दिशांनी तपासा

‘नव्वदच्या दशकात खेळ रांगडा होता, आजचे खेळाडू टिकले नसते.’ हे वाक्य अर्धं खरं आहे. तेव्हा हाताने अडवण्याला बरीच सूट होती. २००४-०५ पासून त्यावर कडक शिट्टी वाजू लागली आणि बाहेरून आत घुसणाऱ्या गार्डना मोकळीक मिळाली. पण २०००-०१ पर्यंत बेकायदा बचावाचा नियमही होता. झोन बचाव (खेळाडूऐवजी जागा राखणं) चालत नसे, त्यामुळे मोठ्या खेळाडूला एकटं गाठून खेळणं सोपं जाई. आज मदतीला येणारा बचावपटू आधीच वाटेत उभा असतो. म्हणून प्रत्येक नियमापुढे दोन नोंदी करा: कोणाला फायदा, कोणाला तोटा.

रेषेचं अंतरही पाहा. १९९४-९५ ते १९९६-९७ असे तीन हंगाम तीन गुणांची रेषा सगळीकडे २२ फुटांवर आणली होती. एरवी ती वरच्या बाजूला २३ फूट ९ इंचांवर असते. जॉर्डनने १९९५-९६ मध्ये तिथून ४२.७ टक्के मारले आणि रेषा मागे गेल्यावर, १९९७-९८ मध्ये, २३.८ टक्के. त्याला तीन-गुणी शॉटचा चांगला नेमबाज ठरवायचं असेल तर हे तीन हंगाम वेगळे काढल्याशिवाय दावा करू नका.

विल्टसाठी तर नियमच बदलला. बास्केटखालची पट्टी १९६४ मध्ये १२ फुटांवरून १६ फूट रुंद केली. त्याआधी जॉर्ज मायकनमुळे १९५१ मध्ये ती ६ची १२ झाली होती. नियम बदलायला लावणं हा वर्चस्वाचा भक्कम पुरावा आहे, आणि तो कोणत्याही सरासरीत दिसत नाही.

अजिंक्यपदं

नुसती बोटं मोजली तर रॉबर्ट हॉरी सात अजिंक्यपदांसह जॉर्डनच्या पुढे जातो. हे कोणालाच मान्य नसतं, म्हणजे अजिंक्यपदं मोजणारेही मनात दुसरी मोजपट्टी धरूनच असतात. ती उघड करा.

संघांची संख्या अशी हिशेबात घ्या: प्रत्येक हंगामासाठी १ ÷ संघसंख्या लिहून बेरीज करा. सगळे संघ सारखे असते तर किती अजिंक्यपदं आली असती, ते कळतं. रसेलच्या तेरा हंगामांत लीग ८ संघांपासून १४ संघांपर्यंत वाढली. त्याची बेरीज येते सुमारे १.४ आणि मिळाली ११. जॉर्डनच्या पंधरा हंगामांत संघ २३ ते २९. बेरीज सुमारे ०.५७, मिळाली ६. गुणोत्तर पाहिलं तर जॉर्डन थोडा पुढे, साडेदहापटीच्या आसपास, आणि रसेल पावणेआठपट. हे कच्चं माप आहे. सहकारी, प्रशिक्षक, फेऱ्या यांचा त्यात विचार नाही. रसेलच्या बोस्टनला १९६६ पर्यंत बहुतेक वर्षी दोनच मालिका जिंकाव्या लागत. २००३ पासून विजेत्याला सात सामन्यांच्या चार मालिका पार कराव्या लागतात. पण ‘आठ संघांत काय मोठं’ म्हणून रसेलला उडवून लावणाऱ्यांना हे माप गप्प करतं. संघ कमी होते हे धरूनही तो कोणत्याही यादीच्या माथ्याजवळच राहतो.

‘फायनलमध्ये ६-०’ हा युक्तिवाद मात्र पूर्ण सोडून द्या. त्याचा अर्थ असा होतो की पहिल्या फेरीत हरणं फायनलमध्ये हरण्यापेक्षा चांगलं. जॉर्डनचा संघ १९८५, १९८६ आणि १९८७ मध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्या पराभवांची या नोंदीत शिक्षा होत नाही. लेब्रॉनच्या फायनलमधल्या सहा पराभवांची होते. आणि याच्या उलट, सहकारी स्कॉटी पिपेन येण्याआधीचं, बादफेऱ्यांतल्या (प्लेऑफ) विजय-पराभवांचं ‘१-९’ जॉर्डनच्या तोंडावर फेकणंही तितकंच पोकळ. त्या नऊ पराभवांपैकी सहा १९८६ आणि १९८७ च्या बोस्टनविरुद्ध आहेत, आणि त्यांतल्या एका सामन्यात त्याने ६३ गुण केले होते. प्रत्येक पराभवापुढे प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि त्याचे हंगामातले विजय लिहा. निम्मा गोंगाट तिथेच थांबतो.

तो गेल्यावर संघाचं काय झालं

जॉर्डन निवृत्त झाल्यावर १९९३-९४ मध्ये शिकागोने ५५ सामने जिंकले. आदल्या वर्षी ५७. लेब्रॉन गेल्यावर क्लीव्हलँड ६१वरून १९वर आला. यातून ‘लेब्रॉनची किंमत ४२ विजय, जॉर्डनची दोन’ असं सांगितलं जातं. या तुलनेत तीन गोष्टी बिघडतात. शिकागोत त्याच वर्षी टोनी कुकोच आणि स्टीव्ह कर आले, तर क्लीव्हलँडने प्रशिक्षकही बदलला. विजयांची संख्या फसवी असते. शिकागोचा सामन्यामागचा गुणफरक सुमारे निम्म्यावर आला होता. आणि संघांना दिशा वेगळी होती, एक पुन्हा जिंकायला खेळत होता आणि दुसरा मोडकळीला आलेला. हा पुरावा वापरायचाच असेल तर विजयांऐवजी गुणफरक घ्या आणि कोण आलं, कोण गेलं, हे शेजारी लिहा.

मथळे आणि मतदान कसं वाचावं

१९७९-८० पर्यंत एमव्हीपी खेळाडूंच्या मतांनी ठरत असे, त्यानंतर पत्रकार आणि समालोचकांच्या. दोन गट एकाच हंगामाकडे किती वेगळं पाहतात याचं उत्तम उदाहरण १९६१-६२च. खेळाडूंनी एमव्हीपी रसेलला दिला, आणि ऑल-एनबीएच्या पहिल्या संघात सेंटर म्हणून नाव आलं विल्टचं. म्हणून ‘किती एमव्हीपी’ बरोबरच ‘कोणी दिले’ हा रकाना लागतो. शिवाय मतदारांना नवी गोष्ट आवडते. १९९३ मध्ये बार्कली, १९९७ मध्ये कार्ल मलोन, २०११ मध्ये डेरिक रोझ. तिन्ही वेळा आधीचा विजेता काही कमी खेळला नव्हता. पुरस्कार मोजण्यापेक्षा मतांमधला वाटा मोजा. दुसरा-तिसरा क्रमांकही त्यात जमेला येतो.

‘२५ गुण, ८ रिबाउंड, ७ असिस्ट करणारा केवळ तिसरा खेळाडू’ अशा पाट्या पडद्यावर झळकतात. तिथले उंबरठे खेळाडूचे आकडे पाहून मागाहून निवडलेले असतात. प्रत्येक उंबरठा १० टक्क्यांनी खाली आणा आणि पुन्हा मोजा. तिनाचे वीस झाले, तर त्या पाटीला वजन नाही. तिनाचे चारच राहिले, तर खरंच काहीतरी दुर्मीळ घडलं आहे आणि मनापासून दाद द्या.

‘पुढचा जॉर्डन’ हा शिक्का फार खेळाडूंना लागला. हॅरल्ड मायनरला ‘बेबी जॉर्डन’ म्हणत. त्याने दोनदा डंक स्पर्धा जिंकली आणि एनबीएत चार हंगाम खेळला. उडीतलं साम्य क्लिपमध्ये दिसतं. बचाव, निर्णय आणि रोजचं सातत्य दिसत नाही. क्लिपवरून मत बनवू नका. त्या हंगामातले तीन पूर्ण सामने पाहा, त्यांतला एक हरलेला.

माहितीपटांचंही भान ठेवा. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये, लीग बंद असताना, १९९७-९८ च्या शिकागोवरची दहा भागांची मालिका आली आणि लाखो तरुण चाहत्यांनी जॉर्डनला पहिल्यांदा सलग पाहिलं. आनंदाची गोष्ट होती. पण अशा लाटेत केलेली यादी सहा महिने बाजूला ठेवून पुन्हा तपासा.

निकाल लिहिताना

वजनं आधी ठरवा, उदाहरणार्थ ऐन भर ४०, कारकीर्द ३०, प्लेऑफ ३०. मग प्रत्येक वजन १० इकडे-तिकडे करून पाहा. पहिला क्रमांक हलला, तर तुमचा निकाल खेळाडूंवर नाही, वजनांवर उभा आहे. तिथे क्रमांक न देता दोघांना एकाच गटात ठेवा. बहुतेक वेळा जॉर्डन, लेब्रॉन, करीम आणि रसेल असेच एका गटात येतात, आणि त्या गटातला क्रम वजनं ठरवणाऱ्याच्या आवडीचा असतो. ती आवड उघडपणे लिहावी. अजून खेळत असलेल्यांच्या नावापुढे तारीख टाका, त्यांचे आकडे बदलत राहतात. आणि १९७६ पूर्वीच्या खेळाडूंसाठी एबीएचे (तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगचे) हंगाम धरले की नाही, हे तळाला नमूद करा. ज्युलियस अर्व्हिंगचे तीस हजारांहून अधिक गुण दोन्ही लीग मिळूनच होतात.